लोकरीच्या गिरणीचे जे झाले, ते आमच्या बारूद कारखान्याचेही व्हावे

माननीय पुरातत्त्वमंत्री, गोवा राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका लोकरीच्या गिरणीविषयी आहे. गोव्यात स्वेटर विकत घेतो तो बहुधा उत्तरेच्या प्रवासाला निघालेला असतो, तेव्हा लोकरीशी आपले काय देणेघेणे, असे आपल्याला वाटेल. पण ही गिरणी ज्याने उभारली त्या मार्केस द पोंबालचे, म्हणजे अठराव्या शतकातल्या पोर्तुगालच्या बलाढ्य मंत्र्याचे, हुकूम मांडवीकाठीही येऊन पोचले होते.

पोर्तुगालच्या मध्यभागी सेरा द एश्त्रेला हा ग्रॅनाइटचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर कोव्हिल्यां नावाचे गाव. वास्को द गामाच्या आधी कालिकत आणि गोवा पाहून गेलेला पेरो द कोव्हिल्यां तिथलाच. डोंगरावर मेंढ्या आणि गावाच्या दोन्ही अंगांनी उतरणारे गोल्द्रा आणि कार्पिंतेइरा हे दोन ओहोळ, एवढ्या भांडवलावर तिथे लोकरीचा धंदा फोफावला. लोकर तेलकट असते, ती धुवायला पाणी लागते. विणलेले कापड पाण्यात बडवून घट्ट करायला पाणी, ते बडवणारे लाकडी हातोडे फिरवायला पाणी, रंगाच्या कढयांनाही पाणीच. म्हणून गिरण्या ओहोळाला चिकटून वाढल्या. 1764 मध्ये पोंबालने गोल्द्राच्या काठी सरकारी कापड कारखाना काढला, त्यात सैन्याच्या गणवेशांचे कापड होई. पुढे हेच गाव पोर्तुगालचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले.

त्याच पोंबालने 1774 मध्ये जुने गोवे पुन्हा वसवण्याचे फर्मान पाठवले. पैसा गेला, कामावर लावलेली माणसे तापाने मेली, शहर काही उठले नाही. कोव्हिल्यांचा कारखाना मात्र चालला, पण तोही कायमचा नव्हे. काही वर्षांनी सरकारने अंग काढून घेतले, कारखाना खाजगी हातांत गेला आणि 1885 पासून त्या इमारतीत पायदळाची पलटण राहू लागली. रंगाऱ्यांच्या भट्ट्या मातीखाली गाडल्या गेल्या. 1973 मध्ये तिथे पॉलिटेक्निक आले, आणि 1975 मध्ये बांधकामासाठी खणताना दगडी भट्ट्या आणि कापड रंगवण्याचे गोल हौद वर आले.

मंत्रीमहोदय, माझे म्हणणे या एका क्षणाविषयी आहे. बांधकाम चालू होते, जागा हवीच होती, आणि हौद बुजवून वर फरशी घातली असती तर कोणाचे काही अडले नसते. तसे केले नाही. जागा संरक्षित झाली आणि 1992 मध्ये तिथे लोकर संग्रहालय उघडले. पॉलिटेक्निकचे विद्यापीठ झाले आहे, संग्रहालय त्याच्याच ताब्यात आहे. आज विद्यार्थी वर्गात जाता जाता त्या हौदांशेजारून जातात.

आता आपल्याकडे या. रायबंदरहून जुन्या गोव्याला नदीकाठच्या रस्त्याने जाताना एका बाजूला एक जुना दरवाजा उभा दिसतो. सतराव्या शतकातल्या बंदुकीच्या दारूच्या सरकारी कारखान्याचा तो अवशेष. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण इथे होई. मांडवी दारातच असल्याने माल गलबतांवर चढवणे सोपे. 1695 नंतर खुद्द व्हाइसरॉयही जुन्या शहरातल्या रोगराईला कंटाळून याच परिसरात राहायला आले आणि 1759 मध्ये पणजीला जाईपर्यंत इथेच राहिले. गाडीतून जाणाऱ्याला हा दरवाजा एखाद्या पडक्या चर्चचा वाटतो, यात त्याचा दोष नाही.

1986 मध्ये जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ जागतिक वारसा यादीत गेले, ते योग्यच झाले. पण त्या शहराचे पोट ज्यांवर चालले ती जहाजांची गोदी, शस्त्रागार, बारूद कारखाना यांच्याकडे आपण वारसा म्हणून फारसे पाहिलेच नाही. इमारतीचा उपयोग बदलून ती जगवणे आपल्याला जमत नाही, असेही नाही. पणजीच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयात 2004 पासून चित्रपट महोत्सवाची ये-जा आहे. मात्र हे भाग्य कचेऱ्या, इस्पितळे आणि वाड्यांच्या वाट्याला येते. जिथे सुतार, लोहार आणि मजूर राबले त्या जागा मागे पडतात.

माझी मागणी मोठी नाही. त्या दरवाजाभोवतीच्या जमिनीची मोजणी करून कारखान्याची हद्द ठरवावी. रस्ता रुंदीकरण, धक्का किंवा हॉटेल यांसाठी तिथे कुदळ मारण्याआधी पुरातत्त्व खात्याचा माणूस प्रत्यक्ष हजर असावा, नुसता ना-हरकत दाखला पुरे नाही. पुराभिलेखागारात लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे मोंसोंइश दु रेनु हे खंड आहेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दप्तरखान्यात आयुष्य घालवले, त्यामुळे वाट मळलेली आहे. आपल्या विद्यापीठातल्या दोन-तीन पोर्तुगीज जाणणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन कारखान्याचे हिशेब, मजुरांची नोंद, सोऱ्याची खरेदी एवढे शोधायला लावावे. कोव्हिल्यांच्या विद्यापीठाला एक पत्र घालावे. गाडलेल्या भट्ट्या कशा उकरायच्या आणि कशा जपायच्या, हे त्यांना हाताने करून ठाऊक आहे.

तोवर दरवाजापाशी एक फलक तरी लावा, कोंकणी आणि मराठीतही.

आपला,
रायबंदरचा एक रहिवासी