बाबा, जमिनीचा उतारा पेटीतच राहू द्या

उद्यमबाग, बेळगाव

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, नदीकाठचा भाताचा तुकडा सोसायटीकडे तारण ठेवून माझ्या यंत्राचे कर्ज भागवावे, असे तुम्ही फोनवर सुचवलेत आणि ‘घाई नाही, विचार करून सांग’ म्हणालात. विचार केला. उत्तर नाही असे आहे. त्यामागे हिशेब तर आहेच. पण हिशेबाच्या पलीकडचेही काही आहे आणि ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

कारखान्याची परिस्थिती तुम्हांला ठाऊक आहे. ज्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर नवे सीएनसी (संगणकावर चालणारे) यंत्र घेतले, त्यांनी आधी बिले थकवली, मग आम्हांला देत ते जॉबवर्क, म्हणजे घडाईचे काम, निम्म्यावर आणले आणि शेवटी पाठवलेल्या मालातला बराचसा नाकारून परत केला. नाकारलेला एकेक नग हातात घेऊन मी पाहिला. वरून आरशासारखा झालेला, आणि कड घेताना आत उघडे पडलेले, ओतकामातले टाचणीच्या टोकाएवढे भोक. चूक ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीची की आमची, हा वाद चालू राहील. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला उभाच असतो.

अशा दिवसांत रात्री हिशेबाची वही मिटली की मी तुमच्याकडून आणलेली गाथा उघडतो. मनाला शांती मिळावी म्हणून नव्हे. त्या वेळी झोप येत नाही, एवढेच कारण. विठ्ठलाच्या रूपाचे अभंग मी भराभर उलटत गेलो आणि थांबलो तो तुकोबांनी स्वतःच्या संसाराची पडझड सांगितली आहे तिथे. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, आणि त्याला लागूनच व्यवसायात तूट आल्यामुळे जिवाला वाटणारी लाज. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. देहूसारख्या गावातल्या एका दुकानदाराने गेलेले धन, गेलेली माणसे आणि गेलेली पत अशी एकाखाली एक मांडलेली ही नोंद आहे. तिच्यात कुठे रडगाणे नाही आणि कुठे लपवालपवीही नाही. लाज वाटते हे इतक्या उघडपणे लिहिणारा व्यापारी मी आमच्या उद्यमबागेत अजून पाहिलेला नाही. आम्ही सगळे चहाच्या गाड्यावर ‘चाललंय बरं’ असेच सांगतो.

मग त्याच माणसाचा दुसरा अभंग येतो: ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली.’ खरे सांगतो, पहिल्यांदा हा अभंग मला झोंबला. इथे भेटणारा जो तो ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ असे सांगून खांद्यावर हात ठेवतो आणि मला तो हात झटकावासा वाटतो. पण तुकोबा हे दुसऱ्या कुणाला सांगत नाहीत. अपमान झाला तो त्यांचा, गुरेढोरे गेली ती त्यांची. ज्याचे गेले त्यानेच देवापुढे उभे राहून ‘बरे झाले’ म्हणायचे, शेजाऱ्याला तो अधिकार नाही. शिवाय हे शब्द येतात ते सगळी हानी नावानिशी मोजून झाल्यावर, आधी नव्हे.

आई, तू हे वाचताना विचारशील की त्याच अभंगात लेकरे-बायको उपेक्षिली तेही ‘बरे’ म्हटले आहे, त्याचे काय? तिथे मी तुझ्या बाजूचा आहे. तुकोबा देहूजवळच्या भामगिरीच्या पठारावर जाऊन बसले तेव्हा घरी चूल पेटवण्याची चिंता जिजाईला होती, आणि तिची गाऱ्हाणी गाथेत आली आहेत तीही तुकोबांच्याच शब्दांत. कुळांची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली ही कथा बाबा रंगवून सांगतात. पण ती खते इतरांकडून तुकोबांना येणे असलेल्या पैशाची होती. माझे कागद बँकेच्या कपाटात आहेत, मी मनात आणले तरी ते आपल्या मलप्रभा नदीत टाकता येणार नाहीत. म्हणून संतांचे सगळेच्या सगळे उचलायचे असते, असे मला वाटत नाही.

तरीही ज्याने तुटीची लाज लिहिली, त्याच माणसाने ‘अणुरणिया थोकडा । तुका आकाशाएवढा’ असे म्हटले, ही गोष्ट मला सोडवत नाही. मी दिवसभर मायक्रोमीटरवर केसापेक्षा बारीक फरक मोजतो, तेव्हा लहानपणा म्हणजे काय ते मला थोडे कळते. तुकोबा म्हणतात, मी अणूहूनही लहान आहे, आणि त्याच दमात म्हणतात, मी आकाशाएवढा आहे. यात कुठेही त्यांचे कर्ज फिटल्याचा किंवा दुकान पुन्हा चालू लागल्याचा उल्लेख नाही. संकट होते तेवढेच राहिले. ते ज्याच्यावर कोसळले होते तो माणूसच त्या मापात मावेनासा झाला. अभंगाचा शेवट ‘उरलो उपकारापुरता’ असा होतो. इतकी वर्षे आपल्या गावच्या भजनात तो शेवटचा चरण टाळ-मृदंगाच्या गजरात निघून जायचा. आता एकट्याने वाचताना वाटते की कारखाना, नाव, लोकांतली पत हे सगळे वजा केल्यावर आपले काय उरते, हा प्रश्न विचारण्याची सवड मला या मंदीनेच दिली.

आई, तुझ्या काळजीचे कारण वेगळे आहे. भावकीत काय बोलतील, यंत्र विकले तर सुनेच्या माहेरी काय वाटेल, असे तू विचारतेस. त्याचे उत्तर मला गाथेत सापडले नाही. ते आमच्या कारखान्यातल्या सौंदत्तीकडच्या वयस्क कामगाराने दिले, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. माल परत आला त्या दुपारी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवून त्यांनी कन्नडमध्ये संतकवयित्री अक्कमहादेवीचे एक वचन म्हटले, आणि मग माझ्यासाठी मोडक्यातोडक्या मराठीत उलगडून सांगितले. डोंगरावर घर बांधून जनावरांना भ्यायचे कसे? समुद्राच्या काठी घर बांधून लाटांना आणि फेसाला भ्यायचे कसे? बाजारात घर बांधून आवाजाची लाज धरायची कशी? चेन्नमल्लिकार्जुना (हा तिचा देव, शिव), या जगात जन्माला आल्यावर स्तुती-निंदा येणारच. तेव्हा मनात राग न धरता समाधानी राहावे. राजवैभव सोडून निघालेली बाराव्या शतकातली ही बाई चेष्टा आणि निंदा झेलत कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या पंथातल्या शिवभक्तांच्या, सभेत पोहोचली होती, म्हणून तिच्या तोंडी हे शोभते. आपण तर भर बाजारात दुकान मांडले आहे आई, तेव्हा आवाज होणारच.

(विठ्ठलाला कानडा म्हणणारा ज्ञानेश्वरांचा अभंग मी मुद्दामच इथे आणलेला नाही. आपल्या सीमाभागातल्या निम्म्या भाषणांत तो येतो आणि भाषण संपल्यावर दोन्हीकडचे लोक आपापल्या घरी जातात. काकांनी पुढे केलेली भाकरी मला त्याहून खरी वाटली.)

तर ठरले ते असे. सीएनसी यंत्र विकतो आहे. गिऱ्हाईक मिळाले आहे आणि येणाऱ्या रकमेतून बँकेचे बहुतेक देणे भागते. उरलेले मी जुन्या दोन लेथवर काम करून फेडीन. मोठ्या मालाच्या मागे न लागता पंपांची आणि शेतीच्या अवजारांची दुरुस्ती घेतो आहे, तीत नफा थोडा असला तरी पैसे रोख मिळतात. तुमच्या सुनेला हे सगळे मान्य आहे. किंबहुना यंत्र विकण्याचा विषय तिनेच आधी काढला.

म्हणून बाबा, जमिनीचा उतारा पेटीतच राहू द्या आणि सोसायटीच्या चिटणीसांकडे हा विषय पुन्हा काढू नका. तुमच्या गुडघ्यांसाठी आणि आईच्या गोळ्यांसाठी तो तुकडाच आधार आहे. मला मदत करायचीच असेल, तर एकादशीच्या भजनाला जाणे तुम्ही माझ्या काळजीपोटी सोडले आहे, ते पुन्हा सुरू करा. मृदंग वाजवणारा तुमच्याशिवाय तिथे दुसरा कुणी नाही.

रोपलावणीला मी चार दिवस येतो आहे. माणसे मिळत नसल्याचे आई म्हणाली होती, तेव्हा काकाही सोबत येतील. त्यांच्या शेताला मलप्रभेच्या कालव्याचे पाणी मिळते, पण कणकुंबीचा उगम त्यांनी अजून पाहिलेला नाही. लावणी आटोपली की त्यांना तिकडे घेऊन जाऊ. ते शाकाहारी आहेत, त्यामुळे आईला वेगळे काही करावे लागणार नाही. फक्त भाकरी ज्वारीची हवी, पीठ मी इकडून आणतो.

तुमचा आज्ञाधारक मुलगा