भूषणच्या ऑपरेशनची घाई नको

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "सोमवारी भूषणच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकून टाकू, म्हणजे केळीच्या मृगबागेच्या लागवडीला पोरगा उभा राहील." फोनवर सगळे एकदम बोलत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

लागवडीचा हिशेब आधी डोक्यातून काढा. सोमवारी ऑपरेशन केलं तरी जूनमध्ये भूषण वाफ्यात उतरणार नाही. हाड मोडलं की ते जागेवर बसवायची घाई असते, हाडांना जोडणाऱ्या दोरीचं, म्हणजे लिगामेंटचं, तसं नसतं. भूषणचं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलंय. पूर्ण तुटलेला एसीएल सहसा शिवत नाहीत. मांडीच्या मागची किंवा वाटीखालची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूचा दोर) काढून, हाडात बोगदे पाडून तिथे नवीन लिगामेंट बसवतात. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर हे केलं तर आत चिवट जाळं धरतं आणि पाय पुढे सरळच होत नाही. असे पेशंट माझ्याकडे व्यायामाला येतात. त्यांचे हाल बघवत नाहीत.

गुडघा अडकला असता, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटून मध्ये येऊन पाय सरळच होत नसता, तर मीच म्हटलं असतं की थांबू नका. भूषणच्या एमआरआयमध्ये गादी शाबूत आहे. म्हणून आधी सूज उतरू दे, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होऊ दे, लंगडणं जाऊ दे. याला काही आठवडे लागतील. पण दिवाळीपर्यंतही ढकलू नका. गुडघा वारंवार निसटत राहिला तर आज शाबूत असलेली गादी फाटेल.

आई, तू मायेने त्याच्या गुडघ्याखाली उशी ठेवतेस, ती काढ. बरं वाटतं खरं, पण पाय वाकडा राहतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि गुडघा खाली दाबायला लाव. मांडीचा स्नायू घट्ट झालेला हाताला कळला पाहिजे. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. मावशी सांगते ते गरम तेलाचं मालीश सध्या नको, हाडवैद्य तर नकोच.

ऑपरेशननंतरचं आताच सांगते, कारण खरी अडचण तेव्हा येणार. दीड-दोन महिन्यांत दुखणं जाईल आणि भूषण म्हणेल, मी बरा झालो. नेमकी तेव्हाच नवी शीर कच्ची असते. तिच्यात रक्तपुरवठा मुरायचा असतो. डावा गुडघा आहे, म्हणजे ट्रॅक्टरच्या क्लचचा पाय. तीन महिने तरी त्याला स्टिअरिंगवर बसवू नका, मजूर मिळो न मिळो. कबड्डी नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजून, उड्या मारायला लावूनच. लवकर मैदानात उतरलेल्या तरण्या पोरांचं लिगामेंट पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच आहे. त्याचे मित्र त्याला यात्रेच्या सामन्यांना ओढतील. त्यांना तुम्हीच दटावा, माझं कोण ऐकतं!

संडासात कमोडची खुर्ची आताच आणून ठेवा. बाबा, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. बांधावरून उतरताना तुम्ही कसे गुडघा धरता, ते मागच्या वेळी मी पाहिलंय.

डॉक्टरांना एवढंच विचारा: पाय पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं ना, आणि फिजिओथेरपी कुठे? जळगावला रोज जाणं जमणार नसेल तर यावलमध्येच कोणी मिळतं का, ते बघा. नाहीतर संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी व्यायाम करून घेईन.

तुमची,
माई