ठोकळ्यांचे तुकडे मोजू नका, पकड तपासा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत खेळण्यांच्या दुकानांत जोडठोकळ्यांच्या डब्यांची थप्पी लागते. दिसायला लेगोसारखे, पण लेगो नव्हेत आणि किमतीला कितीतरी स्वस्त. गिऱ्हाईक विचारतं, "डुप्लिकेट आहे का?" दुकानदार सांगतो, "सेम टू सेम आहे." एवढ्या बोलण्यावरून मालाबद्दल काहीच कळत नाही. या डब्यांत अगदी उत्तम मालही असतो आणि लेकराच्या हातात देऊ नये असाही. आम्ही प्लास्टिक मोल्डिंग आणि डायच्या (साच्याच्या) कामातली माणसं. हा फरक काउंटरवरच कसा ओळखायचा, ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करू. लेगोला जोडले जाणारे ठोकळे बनवणं हा गुन्हा नाही. खालून नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 रोजी झाला आणि त्याची मुदत केव्हाच संपली. नुसत्या ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही, असं युरोपच्या न्यायालयानेही 2010 मध्ये सांगितलं. गुन्हा आहे तो दुसऱ्याचं नाव, डब्यावरचं चित्र किंवा अख्ख्या सेटची रचना उचलण्यात. चीनमधल्या लेपिन या ठोकळ्यांच्या कंपनीवर 2019 मध्ये पोलिसांची धाड पडली ती अशाच नकलेपायी. अस्सल लेगो ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यावर, कंपनीचं नाव उठवलेलं असतं. स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपनीची बटणं कोरी असतील किंवा तिथे तिचं स्वतःचं चिन्ह असेल. डबा एका नावाचा आणि बटणावर भलतंच नाव, असं दिसलं तर तो माल घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट, पकड. या ठोकळ्यांची मापं ठरलेली आहेत. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत 8 मिमी, बटणाचा व्यास 4.8 मिमी, बटण सोडून ठोकळ्याची उंची 9.6 मिमी आणि चपट्या प्लेटची उंची त्याच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे 3.2 मिमी. खालच्या ठोकळ्याची बटणं वरच्याच्या भिंती आणि आतल्या नळ्या यांच्यामध्ये घुसतात. तिथे प्लास्टिक किंचित ताणलं जातं आणि त्या ताणावर सगळं उभं राहतं. हा ताण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो. बटण दोन-तीन शतांश बारीक निघालं तर ठोकळा गळतो, तेवढंच जाड निघालं तर लेकराला तो सुटत नाही आणि मग तो दातात जातो.

तपासायचं कसं? दुकानात उघडा नमुना असेल तर 2 बाय 4 बटणांचे आठ ठोकळे एकावर एक लावा आणि फक्त सगळ्यात वरचा धरून हलवा. एकही सुटता कामा नये. मग दोन ठोकळे असे जोडा की टोकाची दोनच बटणं एकमेकांत अडकतील. एक ठोकळा आडवा धरा. दुसरा खाली झुकून जोडात फट दिसली तर पकड कमी आहे. उलट तपासणी म्हणून दोन चपट्या प्लेट एकमेकींवर बसवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्या नखाने किंवा डब्यातल्या सोडवायच्या पाचरीने सुटल्या पाहिजेत. हे सगळं एकाच रंगात करून थांबू नका. लाल ठोकळ्यावर पिवळा, पिवळ्यावर काळा असं लावून बघा. रंग बदलला की दाण्याचं (कच्च्या प्लास्टिकचं) आकसणं थोडं बदलतं आणि मशीनची सेटिंग तीच ठेवली तर एक रंग घट्ट, दुसरा ढिला निघतो. स्वस्त सेटमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच. घरी आणल्यावर जोडलेला मनोरा रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी पुन्हा हलवून बघा. पहिल्या दिवशी छान धरणारा हलका माल ताणाखाली सैलावतो आणि दुसऱ्याच दिवशी गळायला लागतो.

घट्ट आणि ढिला या दोन दोषांची कारणं वेगळी असतात, हे कारखान्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. डाय झिजली म्हणजे तिच्यातलं पोलाद कमी झालं. जिथे पोलाद घटलं तिथे प्लास्टिक वाढतं. बटण आणि नळी जाड होतात, ठोकळा घट्ट बसायला लागतो. त्याच वेळी डायच्या दोन भागांच्या सांध्यातून प्लास्टिक बाहेर येतं आणि ठोकळ्याच्या खालच्या कडेला पातळ, धारदार पापुद्रा (फ्लॅश) दिसतो. ढिलेपणा मात्र बहुतेक वेळा घाईतून येतो. दाब पुरेसा धरला नाही, ठोकळा गरम असतानाच बाहेर काढला, की तो ठरल्यापेक्षा जास्त आकसतो. शिफ्टमध्ये चार शॉट (डायमधून एकदा माल काढणं म्हणजे एक शॉट) जास्त मारायच्या नादात हे होतं. कडक केलेल्या पोलादाची डाय महाग पडते पण मापात राहते. मऊ पोलादाची स्वस्त डाय काही लाख शॉटनंतर माप सोडते. म्हणून दिवाळीला घेतलेला डबा चांगला निघाला तरी त्याच नावाचा उन्हाळ्यातला डबाही तसाच निघेल, असं धरून चालू नये. दर वेळी नमुना बघावाच लागतो.

नमुना बघताना सगळ्यात लांब तुकडा मागून घ्या. चांगले ठोकळे ज्याचे बनतात ते एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. तेवढं आकसणं धरूनच डाय कापतात. प्रत्यक्षात आकसण्यात 0.2 टक्के फरक पडला तर 2 बटणांच्या ठोकळ्यात तो कळतसुद्धा नाही, पण 16 बटणांच्या 128 मिमी लांब तुकड्यात पाव मिलिमीटरची चूक होते. एक टोक बसवलं की दुसरं टोक उचलतं. लांब तुकडा काचेच्या काउंटरवर पालथा ठेवा आणि टोकांवर बोट दाबा. तो डुलला तर तो वाकलेला आहे. पायाची मोठी बेसप्लेटही अशीच तपासायची. तिची चारही टोकं टेकली पाहिजेत. प्लेट मधून फुगलेली असेल तर तिच्यावरची भिंत सरळ उभीच राहत नाही.

ठोकळ्यावर एक बारीक खूण दिसते, जिथून प्लास्टिक डायमध्ये शिरलं आणि नंतर तोडलं गेलं. तो गेट. चांगल्या मालात तो बटणावर किंवा आत लपवलेला असतो. हलक्या मालात तो बाजूच्या भिंतीवर पुढे आलेला असतो आणि बोटाला टोचतो. एका बटणाच्या ठोकळ्याची रुंदी मुद्दाम 8 ऐवजी 7.8 मिमी ठेवतात, म्हणजे शेजारच्या दोन ठोकळ्यांत 0.2 मिमी जागा उरते. गेटचा उंचवटा त्याहून जास्त असेल तर भिंतीत फटी पडतात आणि पोरगं आपलंच चुकलं असं समजून तेच तेच काढत-लावत बसतं. एखाद-दुसऱ्या ठोकळ्यावर असेल तर पॉलिश पेपरवर घासून काढता येतो. सगळ्यांवरच असेल तर डबा परत करावा.

आता दाणा. चांगला ठोकळा एबीएसचा असतो. लेगोनेही 1963 पासून तेच वापरलं. स्वस्तात तेच काम पॉलिस्टायरीनवर भागवतात. दोन्ही चकचकीत दिसतात, पण फरशीवर टाकल्यावर पॉलिस्टायरीनचा आवाज टणटणीत, काचेसारखा येतो आणि एबीएसचा बसका. पातळ प्लेट हलकेच वाकवली तर एबीएस मोडण्याआधी पांढरं पडतं. पॉलिस्टायरीन कट्‌कन तुटतं आणि त्याचे काठ कापतात. हा प्रयोग मोठ्यांनीच करावा. ठोकळा पाण्यात बुडवून आतली हवा काढल्यावरही तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचा आहे. लहानग्यांच्या मोठ्या ठोकळ्यांना ते चालतं. बारीक ठोकळ्यांना नाही, कारण ते मऊ असतं आणि पकड टिकत नाही. पृष्ठभागावर चंदेरी रेघा दिसल्या तर दाणा न वाळवता मशीनला लावला आहे. एबीएस हवेतली ओल ओढतं. मोल्डिंगआधी ते साधारण 80 अंशांवर दोन ते चार तास वाळवावं लागतं. तेवढी वीज वाचवली की ठोकळा ठिसूळ होतो. मातकट काळ्या आणि करड्या तुकड्यांकडे जास्त लक्ष द्या. रिप्रोसेस (भंगारातून पुन्हा केलेल्या) दाण्याचा मळकटपणा काळ्या रंगात सहज लपतो. जुन्या टीव्ही-संगणकांच्या कव्हरांत आग रोखण्यासाठी ब्रोमीनची रसायनं घातलेली असत. तो भंगार दाणा खेळण्यात येणं बरं नव्हे. डबा उघडताच उग्र वास आला आणि दोन दिवस वाऱ्याला ठेवूनही गेला नाही, तर तो माल घरात ठेवू नये.

सुरक्षेच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर जायची गरजच नाही. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, माल देशी असो की आयात केलेला. मार्कच्या वर आयएस 9873 (सेलवर चालणाऱ्या खेळण्यांवर आयएस 15644) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथे दिसतं. निघणारं नाव आणि डब्यावरचं उत्पादकाचं नाव जुळलं पाहिजे. या मानकात शिशासारख्या धातूंची आणि प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेटची मर्यादा आहे. शिशाची मर्यादा किलोला 90 मिलिग्रॅम. नुसतं सीई हे युरोपचं चिन्ह छापलेला डबा पुढे करून "परदेशी सर्टिफिकेट आहे" असं सांगितलं जातं. आपल्याकडे त्याने काही भागत नाही. माळेगावच्या यात्रेत किंवा परभणीच्या उरुसात पिशवीतून सुटे ठोकळे मिळतात. पिशवीवर नाव-नंबर नसेल तर ती घेऊच नये. तीन वर्षांखालच्या लेकराला नेहमीच्या मापाचे ठोकळे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी दुप्पट मापाचे, बटणांत 16 मिमी अंतर असलेले ठोकळे मिळतात. दिवे लागणाऱ्या सेटमध्ये बटण-सेल असतील तर झाकणाला स्क्रू हवाच.

डब्यावरचा "1000 पीस" हा आकडा फसवा असतो. 2 बाय 4 चा एक ठोकळा सुमारे 2.3 ग्रॅमचा असतो, तर एका बटणाची चपटी प्लेट 0.2 ग्रॅमच्या आसपास. हजारात सातशे बारीक तुकडे घालून आकडा फुगवता येतो. डबा काट्यावर ठेवा. दोन डबे सारख्या किमतीचे असतील तर वजनदार आणि मोठे ठोकळे जास्त असलेला घ्यावा. कृतीच्या पुस्तिकेचं एखादं पान मधूनच उघडून बघा. काळा आणि गडद करडा वेगळे ओळखू येत नसतील आणि एका पायरीत दहा-बारा तुकडे एकदम वाढत असतील, तर लेकरू मध्येच सोडून देणार. पिशव्यांवर क्रमांक असले की निम्मा त्रास वाचतो.

आपल्याकडच्या हवापाण्यासाठी दोन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत खिडकीशी किंवा बंद गाडीत ठोकळे ठेवू नयेत. एबीएस तेवढ्याने वितळत नाही, पण ताणात असलेला जोड उष्णतेने लवकर सैलावतो आणि उन्हाने पांढरा रंग पिवळा पडतो. धुताना पाणी 40 अंशांच्या आत, साधा साबण, आणि शेवटचं खळबळणं बोअरच्या नव्हे तर फिल्टरच्या पाण्यात. बोअरचे क्षार नळीत पांढरे साचून राहतात.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो शाळा आणि बालवाड्यांच्या खरेदीत. तिथे तुकड्यांच्या संख्येवर दर मागवतात आणि सर्वांत कमी दराला माल घेतात. त्याऐवजी दर किलोवर मागवावा. 2 बाय 2 आणि 2 बाय 4 ठोकळे वजनाने किमान निम्मे हवेत, हे लिहून द्यावं. व्हर्जिन (भंगार न मिसळलेलं) एबीएस आणि चालू परवाना क्रमांक यांची अट घालावी. चिकलठाणा एमआयडीसीत सिपेट या सरकारी प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे, साचे-हत्यारांचं काम करणारी इंडो-जर्मन टूल रूमही आहे. मोठी खरेदी असेल तर दाण्याची ओळख आणि मापं यांची चौकशी तिथे करता येईल. ज्या भागात गाड्यांचे सुटे भाग शतांश मिलिमीटरमध्ये बनतात, तिथे चांगले ठोकळेही बनू शकतात, अशी आमची खात्री आहे. पण खरेदी करणाऱ्यांनी तसा माल मागितला तरच कुणी त्या डायवर पैसे घालील. मंजूर नमुन्यातले प्रत्येक रंगाचे दहा ठोकळे समितीच्या सहीच्या पाकिटात शाळेतच ठेवावेत. माल आला की प्रत्येक खोक्यातला मूठभर काढून त्या ठोकळ्यांना जोडून बघावा आणि बसत नसेल तर बिल थांबवावं.

आपले,
प्लास्टिक मोल्डिंग व डाय-कामातील काही कारागीर,
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर