थेम्सवरची वेगवान बोट आणि बाबांची कंबर

लंडन, २४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, सप्टेंबरमध्ये आपण इकडे आलो की थेम्सवरच्या त्या वेगवान बोटीत बसायचेच, असे तुम्ही फोनवर तीनदा बजावलेत आणि तिन्ही वेळा मागून आईचे "काही नको" ऐकू आले. कोणाचे ऐकावे हे ठरेना, म्हणून गेल्या शनिवारी मी स्वतःच जाऊन आले. निकाल आधीच सांगून टाकते : आई जिंकली आहे, मात्र तिने दिलेल्या कारणामुळे नव्हे. तिला भीती बुडण्याची आहे. मला काळजी आहे ती तुमच्या कमरेची.

या बोटीचा तळ कडक असतो आणि भोवतीने हवा भरलेली जाड रबरी कड असते. आम्ही बाराजण होतो. लाइफ जॅकेट आवळून बांधले, चष्मे खिशात ठेवायला लावले आणि लंडन आयच्या, म्हणजे त्या १३५ मीटर उंच पाळण्याच्या, पायथ्याशी असलेल्या धक्क्यावरून आम्ही निघालो. सुरुवातीचा बराच वेळ बोट अगदी शहाण्यासारखी चालते, कारण शहराच्या मध्यभागी, टॉवर ब्रिज ओलांडून वॉपिंग येईपर्यंत, तिच्यावर १२ नॉटची, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटरची, मर्यादा आहे. हा भाग कंटाळवाणा असेल असे मला वाटले होते, पण खरे सांगायचे तर मला तोच जास्त आवडला. वॉटर्लू ब्रिजखालून जाताना चालकाने सांगितले की हा पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या प्रमाणावर बायकांनी बांधला, म्हणून नदीवरचे लोक त्याला 'बायकांचा पूल' म्हणतात. आई, हे खास तुझ्यासाठी लक्षात ठेवले.

बाबांसाठी लक्षात ठेवले ते सिंह. नदीच्या दगडी भिंतीवर ओळीने काशाची सिंहमुखे बसवली आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडात नाव बांधण्याची कडी आहे. सिंह पाणी प्यायले की लंडन बुडते, असे इथले लोक म्हणतात. मला लगेच आपला नाशिकचा दुतोंड्या मारुती आठवला. पाणी त्याच्या कमरेला लागले, छातीला लागले, असे पावसाळ्यात घरोघर बोलले जाते, तेच इथे सिंहांच्या जबड्यावरून बोलतात. फरक इतकाच की गोदावरीचे पाणी गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की वरून चढते आणि थेम्सचे खालून, समुद्राकडून. उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत जवळजवळ ७ मीटरचा फरक पडतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे सिंह आमच्या डोक्यावर फार उंच होते आणि त्यांच्याखालची भिंत हिरव्या शेवाळाने माखलेली होती.

वॉपिंग मागे पडले आणि चालकाने वेग वाढवला. ताशी ६५ किलोमीटर म्हणजे त्र्यंबक रोडवर आपल्या गाडीचा नेहमीचा वेग, त्याचे कोणाला काय वाटणार? पण पाण्यापासून हातभर उंचीवर बसून तोच वेग घेतला की पोटात गोळा येतो. या वेगाला बोट पाणी कापत नाही, तर नाक वर करून पाण्यावरून घसरत जाते. त्यामुळे समोरून गेलेल्या एखाद्या मोठ्या बोटीने उठवलेली लाट आडवी आली की बोट हवेत उचलली जाते आणि धाडकन आपटते. तो धक्का थेट बैठकीतून मणक्यात शिरतो. पुढच्या रांगेत तो सर्वांत जास्त बसतो, आणि मी हौसेने नेमकी पुढेच बसले होते! शेजारचा तरुण आनंदाने ओरडत होता. मी दोन्ही हातांनी दांडी धरून मुकाट्याने लाटा मोजत होते. पुढचे दोन दिवस बूट घालायला वाकताना कंबर बोलत होती. ज्यांना पाठीचा किंवा मानेचा त्रास आहे त्यांनी या बोटीत बसू नये, असे तिकिटाबरोबरच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. तुमच्या मणक्याची चकती सरकलेली असताना मी ते तिकीट काढणार नाही, आणि कृपा करून दादाकडूनही काढून घेऊ नका.

मी लांब फेरीचे तिकीट घेतले होते, त्यामुळे थेम्सचा पूररोधक बांध जवळून पाहता आला. खरे तर तुम्हाला यायचे आहे ते त्याच्यासाठीच, हे मला ठाऊक आहे; पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस राजाच्या वाड्यासाठी थोडाच येतो. १९५३ च्या समुद्री पुरात इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर याचा विचार सुरू झाला आणि १९८२ पासून तो वापरात आहे. ५२० मीटर रुंदीच्या पात्रात एकूण १० दारे आहेत आणि त्यांतली मधली चार प्रत्येकी ६१ मीटर लांबीची आहेत. एरवी ही मधली दारे तळाशी आडवी पडलेली असतात, वरून जहाजे जातात, आणि समुद्राचे उधाण येणार असे कळले की ती फिरवून उभी करतात. गंगापूरचे दरवाजे पाणी सोडण्यासाठी उघडतात, हे पाणी अडवण्यासाठी उठतात. यावर तुम्ही मला तासभर समजावून सांगाल, त्याची मी वाट पाहते आहे.

हा बांध पाहायला आपण नदीवरच्या नेहमीच्या प्रवासी बोटीने जाऊ. जुळ्या तळांची असल्यामुळे ती डुलत नाही, पूर्वेकडच्या मोकळ्या पात्रात तीही चांगली वेगाने जाते, आत बंद काचांची बैठक आहे, स्वच्छतागृह आहे आणि चहा मिळतो. आई, चहा आपल्यासारखा उकळलेला नसतो, त्यामुळे आले आणि चहा मसाला बरोबर आण. उरलेला इथे घरी चालेल. बाबांनी कमरेचा पट्टा बॅगेत न टाकता विमानात बांधूनच बसावे.

तिकडे पावसाचा जोर आहे असे दादा म्हणाला. दुतोंड्याला पाणी कुठवर लागले आहे, ते उलटटपाली कळवा.

तुमची,
धाकटी