मोठा चार्जर राहू द्या, आधी पंधरा अँपियरचा बोर्ड द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात इलेक्ट्रिक गाड्यांच्या बातम्या अधूनमधून येतात आणि फोटो बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या चकाचक चार्जिंग स्टेशनचाच असतो. एकदा पारोळ्याला या, चोपड्याला या, आमच्या अमळनेरच्या एसटी स्टँडवर या आणि सांगा गाडी चार्जिंगला कुठे लावायची. मी विम्याचं काम करतो, रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणं असतं, पेट्रोल परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गाडी चांगलीये, तक्रार गाडीची नाहीच मुळी.

मे महिन्यातली गोष्ट सांगतो. पारोळ्याच्या पुढे एका गावात क्लेमचं काम होतं, मागे क्लायंटचा मुलगा बसलेला, ऊन कसलं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. कंपनी सांगते फुल चार्जमध्ये ११० किलोमीटर, उन्हात डबल सीट मला पंच्याहत्तर मिळतात. मुलाला घरी सोडून परत फिरलो तेव्हा बॅटरी १४ टक्के. मोबाईलच्या नकाशावर हायवेला एका पंपावर चार्जर दिसत होता, हिरवा ठिपका, म्हणजे चालू. गेलो. पंपाच्या मागे हवेच्या मशीनशेजारी तो डबा उभा होता, त्याच्यावर युरियाची रिकामी गोणी घातलेली आणि क्यूआरचं स्टिकर उन्हाने इतकं उडालेलं की नुसता पांढरा चौकोन. वॉचमन म्हणाला, "दिवाईपाईन बंद शे ते, भाऊ." म्हणजे दिवाळीपासून बंद. मग तो नकाशावर हिरवा का दिसतो, हे मी कुणाला विचारायचं? डब्यावर टोल फ्री नंबर होता, लावला, त्यांनी ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. तो माझ्याकडे अजून आहे.

बरं तो चालू असता तरी उपयोग नव्हता हे मला नंतर कळलं. तो कारचा फास्ट चार्जर, त्याची जाडजूड पिन माझ्या स्कूटरला बसतच नाही. टू-व्हीलरला साधा तीन पिनचा पॉवर प्लग लागतो, आपल्या घरी गिझरला नाहीतर एसीला असतो तसला, पंधरा अँपियरचा. अख्ख्या पंपावर तसा एक प्लग होता आणि त्याला पाण्याचा कूलर लावलेला.

शेवटी पुढच्या गावात पिठाच्या गिरणीवर थांबलो. गिरणीवाले नाना आधी हसले, म्हणाले, "आठे घरमा लाईट ऱ्हास नही, तुन्ही गाडीले कथाईन दिऊ?" (इथे घरात लाईट नसते, तुझ्या गाडीला कुठून देऊ?) पण दिली. गिरणी चालू झाली की माझ्या चार्जरचा दिवा मिणमिणायचा, दळण थांबलं की परत नीट. बायका दळणाचे डबे घेऊन येत होत्या आणि वायर ओलांडताना माझ्याकडे बघत होत्या, हा कोण पाव्हणा स्कूटरशेजारी बसलाय. अडीच तास बसलो, दोन वेळा चहा झाला, निघताना नानांनी तीस रुपये घेतले, तेही मी जबरदस्तीने दिले म्हणून. त्या दिवशीच्या तीन भेटी बुडाल्या त्या वेगळ्याच.

आता मी अडाणी माणूस नाही, सरकारी योजना वाचतो, म्हणून राग जास्त येतो. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, एकूण १०,९०० कोटींची, त्यातले २,००० कोटी फक्त पब्लिक चार्जिंगला. देशभरात ७२ हजारांच्या वर चार्जर बसवायचे ठरलंय आणि त्यातले ४८,४०० टू-व्हीलर-थ्री-व्हीलरसाठी. म्हणजे कागदावर आमच्यासारख्यांचाच वाटा मोठा आहे, वाचून बरं वाटलं. पण पुढे प्राधान्य कुणाला ते वाचलं तर २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं, स्मार्ट सिटी, राज्यांच्या राजधान्या, मेट्रो शहरांना जोडलेली गावं आणि गर्दीचे हायवे. खान्देशातलं सगळ्यात मोठं शहर जळगाव, त्या जनगणनेत ४ लाख ६० हजार. धुळं पावणेचार लाख. स्मार्ट सिटीच्या यादीत आपलं एकही गाव नाही आणि मेट्रो शहर तर आम्ही रीलमध्येच बघतो. राहिला हायवे.

ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या गाईडलाईनमध्येही तेच, शहरात एक किलोमीटर बाय एक किलोमीटरच्या चौकोनात एक तरी स्टेशन आणि हायवेला दर २० किलोमीटरवर. आता सुरत-नागपूर हायवे आणि मुंबई-आग्रा हायवे आमच्या उशाशी आहेत, तिथे उद्या-परवा होईलही, पण तो चार्जर असणार इंदूर-मुंबई करणाऱ्या कारवाल्यासाठी. अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्याला जाणारा शिक्षक, यावल-रावेरच्या केळीच्या बागांमध्ये फिरणारा खताचा एजंट, शहाद्याहून धडगावचा घाट चढणारी आरोग्यसेविका, ही माणसं तिथल्या 'शहर' या शब्दातही बसत नाहीत आणि 'हायवे'तही नाही. आणि घाटात बॅटरी कशी उतरते ते ज्याने चढवलीये त्यालाच माहीत, चढताना डोळ्यासमोर टक्के गळतात.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाचं पण एक सांगतो, त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. यातला एकही रस्ता खान्देशातून जात नाही आणि तिन्हीवर टू-व्हीलरला बंदी. आम्हाला माफ काय झालं मग?

ज्याच्याकडे बंगला आहे त्याला हा प्रश्नच नाही, पोर्चमध्ये प्लग, रात्री लावली की सकाळी फुल. मी भाड्याने राहतो, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून केबल खाली सोडतो, दोरीला बांधून, पूर्वी भाजीवाल्यासाठी पिशवी सोडायचे तशी. घरमालक चांगले आहेत म्हणून चाललंय, पण पावसाळ्यात त्या जॉइंटवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी झोपतो आणि झोप लागत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ई-रिक्षावाला भाऊ राहतो, त्याचं तर याहून अवघड. चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, आठ-दहा तास लागतात, घरात स्वतःचा मीटर नाही, शेजारच्याला रोजचे पैसे देऊन त्याच्याकडून वायर ओढतो. एकदा त्याचा एक्स्टेन्शन बोर्ड वितळला, वास आला म्हणून बायको उठली, नाहीतर पत्र्याच्या घरात काय झालं असतं. रात्री लाईट गेली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या दुपारीच रिक्षा उभी, स्टँडवर येऊन नुसता बसलेला असतो.

आणि पैशाचा हिशोब पण बघा. इलेक्ट्रिक गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के. घरच्या लाईट बिलावर जीएसटीच नाही. पण पब्लिक चार्जरवर गाडी लावली की त्या सेवेवर १८ टक्के. म्हणजे ज्याला स्वतःची जागा नाही, स्वतःचा मीटर नाही, त्यानेच जास्त भरायचं. मी एकदा जळगावला साधा प्लग असलेल्या ठिकाणी लावली होती, ॲपमध्ये आधी दोनशे रुपयांचं वॉलेट भरायला लावलं, गाडीला लागले चाळीस-पंचेचाळीस, बाकीचे त्यांच्याकडेच पडून आहेत. असली सात ॲप माझ्या मोबाईलमध्ये आहेत. रिक्षावाल्या भाऊचा तर बटणाचा फोन आहे, त्याने काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की खान्देशात फास्ट चार्जरची वाट बघत बसू नका. फास्ट चार्जरला मोठा लोड लागतो, बरेचदा स्वतंत्र डीपी (ट्रान्सफॉर्मर) लागते, खर्च काही लाखांत आणि गिऱ्हाईक दिवसाला दोन, मग कोण चालवणार, त्याच्यावर गोणीच पडणार. पण पंधरा अँपियरचे सहा प्लग, प्रत्येकाला छोटा मीटर, वर पत्र्याची शेड, शॉक लागू नये म्हणून चांगलं अर्थिंग आणि ट्रिप होणारा ब्रेकर, एवढं तालुक्याच्या गावी बसवायला काय लागतं? स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटची, तीन-चार तासात भरते. माणूस तहसीलला सातबाऱ्याच्या कामाला आला की तीन तास जातातच (कमी गेले तर पेपरात छापा). ग्रामीण रुग्णालयात जातात, कोर्टात जातात, बाजार समितीत जातात, अमळनेरला मंगळवारी मंगळ ग्रह मंदिराच्या रांगेत जातात. जिथे माणूस आधीच ताटकळतोय तिथे प्लग द्या.

आणि त्याला पैसे नाहीत असं कुणी सांगू नये. त्याच पीएम ई-ड्राइव्हमध्ये सरकारी कार्यालयं, दवाखाने, शाळा-कॉलेजच्या आवारात चार्जर बसवले आणि ते सगळ्यांसाठी खुले ठेवले तर १०० टक्के सबसिडी आहे, वरची लाईन ओढण्यापासून मशीनपर्यंत. बस स्टँडला पण भरपूर आहे, लाईनच्या खर्चाला ८० टक्के आणि मशीनला ७०. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून किती प्रस्ताव गेले हे आपल्या आमदार-खासदारांना तुमच्या बातमीदारांनी विचारावं अशी विनंती आहे.

शेड मी मुद्दाम म्हणतोय. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो, तापलेली बॅटरी लवकर चार्ज घेत नाही, गाडीच स्वतःहून वेग कमी करते, आणि स्क्रीनवर उन्हात काही दिसत नाही. पण हेच ऊन कामाचंही आहे. ऊर्जा मंत्रालयाच्या त्याच गाईडलाईननुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंग स्टेशनला वीज, ती पुरवायला कंपनीला येणाऱ्या सरासरी खर्चाच्या ७० टक्के दराने द्यायची आहे आणि बाकीच्या वेळी १३० टक्के. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आमच्याकडे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, रिक्षावाले स्टँडवर झाडाखाली झोपलेले असतात. त्याच वेळात स्वस्त वीज भरून घेता येईल ना.

वीज नाही असं तर आपल्याला कुणी सांगूच नये बुवा. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या भुसावळहून दिसतात, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, साक्री तालुक्यातच सरकारी वीज कंपनी महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे. धूर आमचा, ऊन आमचं, वारा आमचा आणि स्कूटर लावायला पिठाची गिरणी.

चालवायला माणूस हवा हे मात्र मला मान्य आहे, नुसता डबा उभा करून गेले की काय होतं ते मी बघितलंय. चार्जिंग स्टेशन काढायला लायसन्स लागत नाही, केंद्राने हे एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. मग बचत गटाच्या ताईंना द्या, एसटी स्टँडवरच्या रसवंतीवाल्याला द्या, युनिटमागे त्यांना काही सुटू द्या, रोख पैसे घेऊ द्या आणि महिन्यात किती दिवस बंद होतं ते तहसीलच्या फळ्यावर लिहा. गाडीसाठी वेगळं वीज कनेक्शन मागायचा हक्क पण आहे आणि २०२४ च्या नियमाप्रमाणे ग्रामीण भागात नवीन कनेक्शन १५ दिवसात मिळायला हवं.

हे मी गिरणीवाल्या नानांना सांगून बसलो होतो. त्यांना पटलं, दारात पत्रा टाकला, चार प्लगचा बोर्ड पण सुताराकडून करून आणला. परवा त्यांचा फोन आला, वेगळ्या कनेक्शनचा अर्ज दिल्याला दोन महिने झाले, तीन फेऱ्या झाल्या, आता वीज कंपनीवाले म्हणतात गिरणीच्या आवारात दुसरा मीटर बसत नाही. पुढे काय करायचं ते मला विचारत होते. मी म्हटलं पेपरात पत्र देतो.

आपला,
एक विमा प्रतिनिधी,
अमळनेर, जि. जळगाव