पंचवीस डॉलरची पाटी

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

शिकागोजवळच्या रोझमाँटला, डिसेंबरच्या संमेलनाला पोचून मार्करचं पाकीट उघडशील तेव्हा हे पत्र हाताला लागेल. फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, कळलं" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहून ठेवते आहे. चौथीपर्यंत नाशिकच्या शाळेत होतास, म्हणून तुला हे वाचता येतं. त्याचं आज फार बरं वाटतंय.

आधी मला एक कबूल करायचं आहे. जुलैत पिट्सबर्गला अँथ्रोकॉन, म्हणजे तुमच्या फरी लोकांचं संमेलन होतं, त्याच्या आदल्या रात्री मी मावशीला फोनवर सांगितलं, की ईशानच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. तू शेजारीच बसून स्टिकर कापत होतास. मान वर केली नाहीस, पण तुझी कात्री थांबली. मला ते दिसलं, तरी मी पुढे बोलत राहिले. तुझ्या कामाचं खरं नाव मी लपवलं. चुकलं माझं.

गेल्या आठवड्यात मावशीला सगळं नीट सांगितलं. फरी म्हणवणारी माणसं स्वतःसाठी एखादा प्राणी ठरवतात, त्याला नाव, रंग, स्वभाव देतात, त्याला फरसोना म्हणतात. काही जण त्याचा अख्खा पोशाख करून घेतात, हजारोंनी एकत्र जमतात, आणि आपला ईशान त्यांची चित्रं काढून देतो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बोहाड्यातल्या सोंगांसारखं का गं?"

चार दिवस तुझ्या टेबलामागे बसूनही मला हे सुचलं नव्हतं! आम्ही दोघी जव्हारला वाढलो. उन्हाळ्यात बोहाडा असायचा. रात्रभर संबळ वाजायचा, टेंभ्यांच्या उजेडात कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून एकेक सोंग नाचत यायचं आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारायची. मुखवट्यातून धड दिसत नाही, म्हणून सोंगाच्या बाजूने एक माणूस हात धरून चालायचा. तो कुणाच्याच लक्षात राहत नसे. माझ्या राहिला आहे, कारण एका वर्षी ते काम आमच्या शेजारच्या काकांकडे होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दंडावर बोटांचे वळ होते.

दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही. बोहाड्यात देव येतो, नवस फेडतात. तुमच्याकडे कुणी देव मानत नाही. पण तो हात धरणारा माणूस मी पिट्सबर्गला पुन्हा पाहिला. तुम्ही त्याला हँडलर म्हणता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू पाणी आणायला गेला होतास. एक मोठा निळा लांडगा आपल्या टेबलाशी थांबला, त्याची काखेतली शिवण वीतभर उसवली होती. हँडलर मुलगी विचारत होती, कुणाकडे सुईदोरा आहे का. माझ्या पर्समध्ये नाही असं कधी झालंय का? मी म्हटलं, बस. मुखवटा न उतरवता तो जमिनीवर बसला आणि हात वर धरून राहिला. मी वीस वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त करते आहे, पण केसाळ कापड शिवायचं म्हणजे आधी केस बोटांनी बाजूला सारायचे, नाहीतर ते टाक्यात अडकतात आणि शिवण उघडी दिसते. आतून वाफ येत होती. डोळ्यांच्या जागी नुसती जाळी. काही हजार डॉलर आणि कित्येक महिने त्या पोशाखात गेलेले असतात, हे तू मला सांगितलं होतंस, पण ते पटलं त्या शिवणीवर हात ठेवल्यावर. फोम किती मापात कापला होता, तोंडाजवळचे केस मशीनने किती एकसारखे उतरवले होते! ज्याने कुणी केलं तो कारागीर आहे.

पण मला खरं लिहायचंय ते त्या ट्रक चालवणाऱ्या गृहस्थांबद्दल. पन्नाशीच्या पुढचे होते, त्यांच्याकडे पोशाख नव्हता, आपला प्राणी कसा दिसतो ते दाखवणारी रेफरन्स शीट नव्हती, काहीच नव्हतं. म्हणाले, मी तरस आहे, ठिपक्यांचं, डावा कान फाटका. आजवर कधी काढून घेतलं नाही. तू बॅज काढलास, गळ्यात घालायचं त्या प्राण्याचं चित्र. अडीच तास मी तुझ्या हाताकडे बघत होते. मानेवरचे केस काढताना तू श्वास रोखून धरतोस, लहानपणी पतंग काढतानाही असंच करायचास. लॅमिनेट केलं, दोरीत ओवलं, त्यांनी गळ्यात घातलं आणि गेले.

तासाभराने परत आले. तक्रार करायलाही लाजत होते. फाटका कान चुकीच्या बाजूला आला होता. त्यांनी डावा म्हटला तो तरसाचा डावा. तू काढलास तो बघणाऱ्याच्या डावीकडचा.

तुझा चेहरा उतरला. रात्र झाली होती, तरी एक शब्द न बोलता तू नवा कागद घेतलास, पैसे घेतले नाहीस. त्याचा मला अभिमान वाटतो. पण ईशान, ही चूक मीही केली आहे. कापड उलटं पडलं की डावी बाही उजवी होते. एका बाईंचा लग्नातला ब्लाउज मी असाच वाया घालवला आणि भरून दिला. तेव्हापासून कात्री लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावून विचारते, "ही डावी ना?" तूही विचार, "कुणाची डावी?" आणि आधी पेन्सिलीचं कच्चं चित्र दाखव, मगच शाई लाव.

दुसरा बॅज गळ्यात घातल्यावर ते गृहस्थ बराच वेळ उभे होते. दुसऱ्याच कुणाचा फोटो बघावा तसे बघत होते, मग हळूहळू स्वतःचा बघावा तसे. पहिला बॅज त्यांनी परत दिला नाही, खिशात ठेवला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, तुमच्या मुलाने पुष्कळ प्रश्न विचारले. मला वाटतं, तेवढे प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारले नव्हते.

आणि त्याचे तू पंचवीस डॉलर घेतलेस.

मी घरी आल्यावर वहीत हिशेब मांडला. चार दिवसांत नऊ बॅज, म्हणजे २२५ डॉलर. एकाला अडीच तास, म्हणजे साडेबावीस तास. तासाला दहा डॉलर झाले. यातून मार्कर, कागद, लॅमिनेटचे पाऊच, पार्किंग वजा कर. विक्रीकर तू किमतीवर वेगळा लावला नव्हतास. आपल्या काउंटीत ७ टक्के, म्हणजे जवळजवळ पंधरा डॉलर तुझ्याच खिशातून गेले. पेनसिल्वेनियात किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. तू त्याच्याही खाली गेला असशील. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा बॅज साठ डॉलरला होता आणि दुपारपर्यंत तिची यादी भरत होती. तिचं काम तुझ्यापेक्षा सरस नव्हतं. मी आई म्हणून नाही सांगत, ज्या हाताने शिवणी बघते त्या हाताने सांगते.

मी विचारलं तर म्हणालास, "आपल्यातलीच माणसं आहेत, जास्त कसे घेणार?" सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं तुझे आजोबा म्हणायचे. माणूस आपला असला तरी भाडं आपलंच भरायचं असतं. आणि स्वस्त कामामुळे त्या शेजारच्या मुलीचंही नुकसान होतं, तिला लोक विचारणार, तो पंचवीसला देतो, तू का नाही?

तूच मला सांगितलंस, की १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला फरी लोकांचं पहिलं संमेलन भरलं तेव्हा पासष्ट माणसं होती. अँथ्रोकॉन १९९७ ला ऑल्बनीत सुरू झालं, २००६ पासून आपल्या पिट्सबर्गला आहे, आणि २०२४ ला १७ हजारांवर लोक आले. मिरवणूक बघायला शहरातले लोक लेकरं खांद्यावर घेऊन उभे असतात. हे सगळं उभं राहिलं त्यात चित्रकारांचा वाटा मोठा आहे. आधी कुणीतरी कागदावर काढतं, मग त्याचा पोशाख होतो.

मोठ्यांसाठीची चित्रं तिथे झाकून, ओळखपत्र बघून विकतात, हे मी पाहिलं. तू ती काढत नाहीस हा तुझा निर्णय आहे. पुढे बदललास तर मला सांगायलाच हवं असं नाही, फक्त कुणी जास्त पैसे देतो म्हणून बदलू नकोस.

आणि तुमचाच तो नियम, सहा तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. जुलैत तू दोन-दोन वाजेपर्यंत जागलास. शिकागोला डिसेंबरात थंडी आहे, आणि या वेळी मी शेजारी नाही. दशम्या सहा आहेत, पहिल्या दोन दिवसांत संपव. केसाळ कापडासाठी लांब सुई आणि जाड दोरा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे, कुणाला लागला तर दे.

किमतीची पाटी मी जाड पुठ्ठ्यावर नवीन करून दिली आहे. बॅज, स्केच, रंगीत चित्र, सगळं लिहिलं आहे, खाली "कर वेगळा" असंही. आकड्यांची जागा रिकामी ठेवली आहे. काळा मार्कर याच पाकिटात आहे, टेबल लावायच्या आधी तू भर.

तुझी,
आई