सुट्टीत उजळणी उतरवून घेऊ नका, मुलांना गठ्ठे बांधू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगा नदीचे पाणी पात्राबाहेर पडले, हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, की सुट्टीचा आदेश निघतो आणि पाठोपाठ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर गृहपाठ येऊन पडतो. पहिली-दुसरीला ‘१ ते १०० दोनदा लिहा’, तिसरी-चौथीला ‘२ ते १२ पाढे तीन वेळा लिहा’. २०१९ च्या महापुरात हेच झाले, मार्च २०२० पासून कोरोनामुळे लांबलेल्या शाळाबंदीतही हेच चालले. हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण या गृहपाठाने गणित पुढे सरकत नाही. का सरकत नाही, ते मुलाच्या शेजारी दहा मिनिटे बसले की दिसते.

२१ ते ३० लिहायचे असले की बरीच मुले आधी वरून खाली दहा वेळा २ काढतात. मग पुन्हा वर जाऊन शेजारी १, २, ३ असे ९ पर्यंत उतरतात आणि शेवटी शून्य ठेवतात. त्यामुळे २९ च्या खाली ३० ऐवजी २० येते. मुलाच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याने संख्या लिहिलेल्याच नसतात, दोन रांगा भरलेल्या असतात. पाढ्यांचेही तसेच. आधी दहा वेळा ६, मग दहा फुल्या, मग १ ते १०, आणि उत्तरे मागच्या पानावरून. वही भरते, फोटो जातो, सर्वांना समाधान वाटते.

आमची विनंती अशी, की सुट्टीच्या दिवसांत लिहून घेणे बाजूला ठेवा आणि रोज २० ते ३० मिनिटे दशक-एककाचे काम हातांनी करून घ्या. पहिली ते चौथीच्या गणितात जे अडते, त्यातले बरेचसे इथेच अडलेले असते. लागणारे सामान घरात असते. लिहिता-वाचता न येणारी आजी हे काम उत्तम करून घेऊ शकते.

खराट्याच्या जाडसर काड्या अर्ध्या वितीच्या, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरच्या, तोडून घ्या. १२० काड्या आणि १५ रबर पुरेत. काड्या नसतील तर चिंचोके आणि कागदाच्या पुड्या चालतील. नेमक्या १०० काड्या घेऊ नका. शंभरावर सामान संपले की मुलाला शंभर हाच शेवट वाटतो. १०४, ११० हे तिथेच मोजून झाले पाहिजेत.

दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे मुलानेच बांधायचे. मोठ्यांनी बांधून दिले तर मूल गठ्ठ्याला एकच वस्तू समजते. तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या समोर ठेवल्या तर ‘सात’ म्हणते. असे झाले तर रागावू नका. गठ्ठा सोडायला सांगा, मोजून पुन्हा बांधायला सांगा, आणि मग ‘दहा, वीस, तीस’ म्हणत गठ्ठे आणि ‘एकतीस, बत्तीस’ म्हणत सुट्या काड्या मोजून घ्या. दहा-दहाने चाललेली मोजणी मध्येच एक-एकाने करायची, हा बदल मुलाला सर्वांत अवघड जातो. त्याला दोन-तीन दिवस द्या. एखाद्या गठ्ठ्यात ९ किंवा ११ काड्या निघतातच, म्हणून भावंडाने किंवा आजोबांनी तपासनीस व्हावे.

यापुढची अडचण खास आपल्या भाषेतली आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी पाच पडतात, नंतर वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. मूल ऐकल्या क्रमाने लिहिते आणि ५२ होतात. हा मुलाचा वेंधळेपणा नाही. कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये, इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथे हा घोटाळा होत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शाळेत ‘ट्वेंटी फाइव्ह’ आणि घरी ‘पंचवीस’ असे दोन उलटे क्रम सांभाळावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले होते. भाषा बिघडते की नाही, या वादात इथे शिरत नाही. घरी दोन्ही म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही: ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच.’

करायचे असे. मोठ्यांनी संख्या बोलायची, मुलाने आधी काड्या मांडायच्या, गठ्ठे डावीकडे आणि सुट्या उजवीकडे, आणि मगच लिहायचे. ऐकणे आणि लिहिणे यांच्या मध्ये मांडणी आली की उलटापालट बहुतेक थांबते. यात ‘एकोण’च्या संख्यांना वेगळा वेळ द्यावा लागतो. एकोणतीस ऐकले की तीस कानात राहते आणि मूल ३९ लिहिते, एकोणपन्नासला ५९. इथे तीन गठ्ठे मांडायला सांगा आणि एक काडी काढून घ्या. काडी काढायची तर गठ्ठा सोडावाच लागतो, उरतात दोन गठ्ठे आणि नऊ. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे त्या सुटलेल्या रबराने जितके कळते तितके दहा वेळा सांगून कळत नाही. सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर यांत शेवट ओळखायला शिकवा: ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ आले की पन्नाशी, ‘सष्ट’ म्हणजे साठ, ‘हत्तर’ म्हणजे सत्तर. दिवसाला पाच-सहा संख्या पुरेत.

दुसरी-तिसरीत हातचा येतो. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ आले, तर मुलाने सातातून दोन काढले आहेत. लहानातून मोठे जात नाही असे त्याने ऐकलेले असते, म्हणून ते उलट करून मोकळे होते. पाच गठ्ठे आणि दोन काड्या मांडा आणि सत्तावीस मागा. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत हे मुलाला स्वतःला दिसते. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. उत्तर २५. आता हेच वहीत, प्रत्येक पायरी काड्यांशी जुळवून. ‘शेजारून एक उसना घेतला’ असे म्हणू नका. उसना घेतलेला परत करावा लागतो, आणि काही मुले खरेच शेवटी तो परत करतात. ‘एक गठ्ठा सोडला’ म्हणा.

यात शून्य आले की तिसरी-चौथीची चांगली मुलेही अडकतात. ४०३ वजा १६८ चे उत्तर ३६५ येते: आठातून तीन, सहातून शून्य, चारातून एक. इथे शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या खेळातल्या नोटा करा. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एक रुपयाचे दहा. हातात राहिले ३ शंभर, ९ दहा, १३ सुटे. त्यातून १६८ दिले की २३५ उरतात. एकदम शंभर मोडून सुटे करू देऊ नका. मधली दहाची पायरी वगळली की शून्याच्या जागी नऊ का येतात ते कळत नाही.

‘तीनशे पाच’ सांगितले की ३००५ लिहिणारी मुले जवळपास प्रत्येक वर्गात असतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापा: एककाची ३ सेंटिमीटर, दशकाची ६, शतकाची ९ आणि हजाराची १२ सेंटिमीटर रुंद, उंची सर्वांची सारखी. प्रत्येक अंकाला तीन-तीन सेंटिमीटरची जागा द्या. ३०० च्या पट्टीवर ५ ची पट्टी उजव्या कडेला कड लावून ठेवली की शेवटचे शून्य झाकले जाते आणि ३०५ दिसतात. वर उचलले की ३०० आणि ५ पुन्हा वेगळे. अंकांची जागा कमी-जास्त झाली तर पट्ट्या जुळत नाहीत, त्यामुळे कापण्याआधी पट्टीने खुणा कराव्यात.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पावसाळ्यातले गणित रोज आपल्या अंकातच येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या लहान मुलालाही पाठ असते. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून बरोबर चार फूट लांबीची पट्टी करा आणि दाराच्या चौकटीला लावा. खालचे टोक ३९, वरचे ४३, प्रत्येक फुटात १२ खुणा. पातळी ३९ च्या वर गेली की रोज त्या दिवसाची रेघ ओढायची. मग विचारायचे: आज ४० फूट ७ इंच, तर धोका पातळीला किती कमी? ज्या मुलाने हातचा फक्त पाठ केला आहे, ते दहाचा हातचा घेते आणि २ फूट ३ इंच सांगते. पट्टीवर मोजले की २ फूट ५ इंच निघतात. एक फूट मोडला की दहा नव्हे, बारा इंच सुटे होतात. हातचा म्हणजे नेमके काय, हे तपासणारा यापेक्षा चांगला प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेर सहज मिळत नाही.

राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट, पाणी सुटते. तीन दरवाजे उघडले तर किती? पट्ट्या सुट्या करून १०००, ४००, २० आणि ८ यांची तिप्पट वेगवेगळी काढायची, ३०००, १२००, ६०, २४, आणि बेरीज ४२८४. हातच्याचा गुणाकार त्यानंतर. मात्र ज्या घराने पुराचे पाणी पाहिले आहे, जे मूल पाण्याच्या आकड्याने घाबरते, त्याच्याशी हा खेळ मुळीच करू नये. त्याला काड्याच द्याव्यात.

पाढे म्हणायला आमचा विरोध नाही. ‘बे एके बे’चा ठेका कानात बसलाच पाहिजे. पण सात अठ्ठे विचारल्यावर ज्याला ‘सात एके’पासून सुरुवात करावी लागते, त्याला चिंचोक्यांच्या सात रांगा, प्रत्येकीत आठ, मांडायला सांगा. पाच रांगांनंतर एक काडी आडवी ठेवा. पाच रांगांचे ४०, दोन रांगांचे १६, मिळून ५६. अपूर्णांकाला स्वयंपाकघर आहेच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द मुलांना दुकानात सामान आणताना भेटतात. ‘तीन छेद चार’ म्हणजे तेच पाऊण, हे फक्त कोणीतरी सांगायला हवे. १/४ हा १/३ पेक्षा मोठा आहे, कारण चार तीनापेक्षा मोठे, असे मूल म्हणाले तर सारख्या आकाराच्या दोन भाकऱ्या घ्या, एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान तुकडे करा, आणि कोणता तुकडा हवा ते विचारा.

उत्तर चुकले की लगेच खोडरबर हातात देऊ नये. ‘कसं केलंस, सांग बघू’ एवढेच विचारावे, आणि बरोबर आलेल्या उत्तरालाही हेच विचारावे. नाहीतर हा प्रश्न आला की चुकलेच, असे मूल धरून चालते. अर्ध्या तासाच्या पुढे ताणू नये. कामावर जाणाऱ्या आई-वडिलांना रात्री जेवणानंतरची पंधरा मिनिटे मिळाली तरी चालेल.

शाळांनी पानांचे फोटो पाठवण्याऐवजी माता पालक गटांवर दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा: आज कोणते सामान घ्यायचे, काय विचारायचे, मूल कुठे चुकण्याची शक्यता आहे. ज्या शाळांत पूरग्रस्तांचे निवारा केंद्र उघडते, तिथे मुले दिवसभर एका खोलीत असतात. तिथे एकशे वीस खडे, बारा पिशव्या आणि एक शिक्षक एवढ्यावर हे सारे चालू करता येते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. पुराच्या दिवसांत पाणीपातळीच्या बातमीशेजारी आदल्या दिवशीची त्याच वेळेची पातळी फूट-इंचांत, ठळक अक्षरांत, रोज ठरलेल्या जागी छापावी. फरक मात्र छापू नये. तो दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्यावा.

आपले,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही शिक्षक, कोल्हापूर जिल्हा